मंत्रावाचून राहिलेले कान

पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेला पंडित गुणाढ्य एका पैजेत हरला, पैजेच्या अटीप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करून विंध्याच्या अरण्यात गेला, तेथे काणभूती नावाच्या पिशाचाच्या तोंडून त्याने पैशाची भाषेत एक अफाट कथा ऐकली, आणि रानात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षे खपून ती सात लक्ष श्लोकांत लिहून काढली, अशी आख्यायिका सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या आरंभी येते. भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची, म्हणून राजाने ग्रंथ अव्हेरला. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो ते अग्नीच्या स्वाधीन करू लागला. भोवती श्वापदे आणि पाखरे जमली, चारापाणी विसरून डोळ्यांत आसवे आणून ऐकत राहिली, आणि रानातली जनावरे सुकली म्हणून राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांसही निःसत्त्व झाले; त्याचा तपास लावत राजा स्वतः तेथे पोहोचला, तोपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते.

भुताखेतांच्या जुन्या कथा मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या या मालेला प्रस्तावना लिहावी असे सांगणे आले, तेव्हा प्रथम ही आख्यायिकाच माझ्या मनात उभी राहिली. तिच्यात पिशाच सांगते, माणूस ऐकतो, मग लिहितो, आणि लिहिलेले नाकारले गेल्यावर पुन्हा वाणीकडे वळतो. भयकथेचा सारा इतिहास मला या एका फेऱ्यात दिसतो. ती मुळात कानाची वस्तू आहे; छापखान्याने तिला शे-दोनशे वर्षे आपल्या दप्तरात ठेवून घेतले, तिचे जतनही उत्तम केले, परंतु तिचे वतन कधी बदलले नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर हे वतन रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराच्या पडवीत होते. तेथे पावसाळ्याच्या रात्री माझी आत्या भिजवलेल्या वालांची बिरडी सोलता सोलता विहिरीकडच्या पिंपळावरल्या मुंज्याची हकीकत सांगत असे. तिचा आवाज कधी चढला नाही. उलट प्रसंग जसजसा जवळ येई तसतसा तो उतरत जाई, इतका की आम्हा पोरांना पुढे सरकून बसावे लागे. आणि नेमक्या त्या जागी ती थांबे, कंदिलाची काच वर उचलून वात सारखी करी, काच पुन्हा बसवी आणि मगच पुढचे वाक्य उच्चारी. त्या वेळी आम्हाला वाटे की कंदील खरोखरच भडकला आहे. तो कधीच भडकलेला नसे, हे कळण्यास मला स्वतः काही वाचून दाखवण्याचे वय यावे लागले.

आता समुद्रापलीकडची एक खोली पाहू. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात माँटेग्यू र्‍होड्स जेम्स नावाचा एक विद्वान राहत होता. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या याद्या करण्यात त्याने आयुष्याचा मोठा भाग वेचला, पुढे १९०५ मध्ये तो त्या कॉलेजाचा आणि नंतर ईटनचा प्रमुख झाला. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी त्याने एका छोट्या मित्रमंडळापुढे आपल्या दोन भूतकथा वाचल्या, आणि पुढे नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना एक नवी कथा वाचून दाखवायची हा त्याचा परिपाठच पडला. मंडळी जमून वाट पाहत बसत. जेम्स आतल्या खोलीतून शाई जेमतेम वाळलेले हस्तलिखित घेऊन येई, एक सोडून बाकी सर्व मेणबत्त्या फुंकून टाकी आणि त्या एकीच्या उजेडात, इतर कोणालाही न लागणारे आपले अक्षर, वाचू लागे. १९०४ साली या कथांचे पहिले पुस्तक निघाले तेही मुख्यतः स्नेहाच्या ओढीने. जेम्स मॅकब्राइड हा त्याचा तरुण चित्रकार मित्र त्या कथांसाठी चित्रे काढीत होता, चारच पुरी झाली आणि त्याला मृत्यूने गाठले, तेव्हा त्याच्या स्मृतीखातर पुस्तक तेवढ्याच चित्रांनिशी प्रसिद्ध झाले. आज ज्यांना इंग्रजी भूतकथेचा मानदंड समजतात त्या या कथा अशा रीतीने ओळखीच्या कानांसाठी लिहिलेल्या होत्या, वाचकवर्ग नावाच्या अनोळखी समुदायासाठी नव्हेत. आणि त्यांची वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिली म्हणजे श्वास घ्यायच्या जागा आपोआप सापडतात, यावरून ते आजही उमगते.

जेम्सच्या कथांचा घाट आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांशी परिचय असलेल्या माणसाला फार जवळचा वाटेल. त्याचे भूत बहुधा कागदातून येते: एखादी यादी, एखादा रोजनामा, चर्चच्या दप्तरातला एखादा जमाखर्च, एखाद्या मृत अधिकाऱ्याची पत्रे, यांचा तपशील तो कारकुनी चोखपणाने मांडत जातो, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास एकदा त्या तपशिलावर बसला म्हणजे मग ज्यावर विश्वास ठेवू नये अशी एकच गोष्ट त्याच सुरात, त्याच संथपणे, त्या यादीत दाखल करतो. कथेत वातावरण हवे आणि भयाचा चढ बेताबेताने साधलेला हवा, अशा आशयाचे त्याचे स्वतःचे मत होते. म्हणून या कथा वाचणाऱ्याने पंचनामा वाचणाऱ्या अव्वल कारकुनाचा सूर लावावा, असे मी आग्रहाने म्हणेन. हल्ली पुष्कळ ध्वनिमुद्रणांत पहिल्या वाक्यापासून वारा घोंघावतो, कुत्री रडतात, वाद्ये कुंथतात आणि वाचकही घसा दाबून बोलतो. श्रोत्याला आधीच घाबरवून ठेवले म्हणजे कथेला करण्याजोगे काही उरत नाही. या मालेत संगीत नाही, याबद्दल मला समाधान वाटते.

त्याची गरजही नव्हती, कारण या कथांतले नाद कथांतच आहेत. एडगर ॲलन पोची १८४३ सालची ‘टेल-टेल हार्ट’ ही कथा फरशीखालून येणाऱ्या, एकालाच ऐकू येणाऱ्या ठोक्यांची कथा आहे. जेम्सच्या सर्वांत विख्यात कथेत समुद्रकाठच्या एका पडक्या धर्मस्थानात सापडलेली शिटी एक प्राध्यापक निव्वळ कुतूहलाने फुंकतो, आणि त्या शिटीला ओ देणारे कोणी असते. डिकन्सच्या ‘सिग्नलमन’ कथेतल्या केबिनमधली घंटा त्या एकट्या चौकीदारासाठी वाजते. शेजारी बसलेल्या निवेदकाला ती ऐकू येत नाही. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे डिकन्सच्या आगगाडीला भीषण अपघात झाला होता, त्याचा डबा पुलाला लोंबकळत राहिला, त्याने उतरून जखमींना पाणी दिले, आणि त्यानंतर काही दिवस त्याचा आवाज बसला. ज्याने नाट्यगृहेच्या नाट्यगृहे केवळ आपल्या वाचनाने भारली होती त्या माणसाचा आवाज! दुसऱ्या वर्षीच्या नाताळ अंकात त्याने ही कथा लिहिली, आणि बरोबर पाच वर्षांनी, त्याच ९ जूनला, त्याचा अंत झाला. आपल्या बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. खंडाळ्याच्या बोगद्यांतून रात्री प्रवास केलेल्या श्रोत्याला या कथेतली ओलसर दगडी खिंड आणि बोगद्याच्या तोंडाशी लागलेला तांबडा दिवा समजावून सांगावा लागणार नाही.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा, ही कथा तर हिंदुस्थानातूनच निघते. फकिराने मंत्रून दिलेला तो पंजा पलटणीतला एक सार्जंट-मेजर विलायतेला नेतो. जेकब्जचा बाप टेम्सच्या धक्क्यावर व्यवस्थापक, खलाशांच्या गोष्टी ऐकत पोर वाढले, आणि पुढे अनेक वर्षे पोस्टाच्या बचत खात्यात कारकुनी करत त्याने लेखन केले. १९०२ सालच्या या कथेत दारावर पडणारी थाप आहे. थाप देणारा कोण, त्याची अवस्था काय, हे जेकब्ज दाखवत नाही. तो फक्त ऐकवतो, आणि दार उघडेपर्यंतचा सारा अवधी आई, बाप, अडसर आणि ती थाप यांनी भरून काढतो. किपलिंगच्या डाकबंगल्यातली भूतकथाही शेजारच्या खोलीतून येणाऱ्या बिलियर्डच्या खटखटीवर उभी आहे. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने लहानपणी दुपारच्या उन्हात झोपण्यापूर्वी आपली आया आणि मीता नावाचा नोकर यांच्याकडून गोष्टी व गाणी ऐकली होती, आणि म्हातारपणीच्या आत्मवृत्तात ती आपण विसरलो नाही असे नमूद केले आहे. आयेला तो पोर्तुगीज रोमन कॅथलिक म्हणतो. बहुधा ती गोव्याची असावी. त्या बाईने काय सांगितले असेल, गावच्या शिवेवर राखण करत फिरणारा देवचार त्या गोष्टींत होता का, हे विचारायला आज कोणी नाही.

परंतु या विषयाचे मर्म मला ज्या कथेत सापडले ती जपानची आहे. लाफ्काडिओ हर्न हा ग्रीक आईचा आणि आयरिश बापाचा मुलगा. तरुणपणीच त्याचा एक डोळा गेला होता. १८९० मध्ये तो जपानला गेला, तेथेच संसार मांडला आणि तेथेच १९०४ साली, ‘क्वायदान’ हा भूतकथांचा संग्रह निघाला त्याच वर्षी, निवर्तला. त्या कथा त्याला बव्हंशी त्याची पत्नी सेत्सु हिने सांगितल्या. तिने लिहून ठेवलेल्या आठवणींत असे आहे की, उदास रात्री ती दिव्याची वात मुद्दाम उतरवून गोष्ट सांगू लागे आणि तो श्वास रोखून ऐके. पुस्तक समोर धरून वाचलेले त्याला मुळीच चालत नसे, गोष्ट तिच्या शब्दांत, तिच्या विचारांतून आलेली हवी असे. ‘होइची’ची कथा लिहिताना त्याने अंधार पडला तरी दिवा लावला नाही. सेत्सुने शेजारच्या खोलीतून हलकेच होइचीच्या नावाने हाक मारली, तेव्हा आतून त्याने आपण आंधळे आहोत, आपण कोण, असे होइचीच्याच मुखाने उत्तर दिले. वाचताना ही आठवण माझ्या पडवीतल्या कंदिलापाशी येऊन थांबली. मात्सुएच्या सामुराई घराण्यातली सेत्सु आणि माझी आत्या यांना एकच विद्या अवगत होती.

होइची हा बिवा या तंतुवाद्याचा आंधळा वादक. ११८५ साली दान-नो-उरा येथे समुद्रावरच्या लढाईत हेइके कुळाचा आणि त्यांच्या बालसम्राटाचा अंत झाला, त्याचे आख्यान तो गातो. रात्री एक योद्धा त्याला बोलावून नेतो. मोठा दरबार भरला आहे, रेशमी वस्त्रांची सळसळ होते आहे, स्त्रिया हुंदके देत आहेत असे त्याला ऐकू येते. मठातली माणसे मागावर जातात तेव्हा तो पावसात, स्मशानात, त्या बालसम्राटाच्या थडग्यापुढे एकटा बसून गातो आहे असे दिसते. मग त्याच्या रक्षणासाठी प्रज्ञापारमिताहृदयसूत्र, जे आपल्या संस्कृतातही आहे, त्याच्या सर्वांगावर लिहिले जाते आणि हाक आली तरी हलायचे नाही, ओ द्यायची नाही, अशी सक्त ताकीद मिळते. रात्री योद्धा येतो. त्याला होइची दिसत नाही. दिसतात फक्त हवेत अधांतरी दोन कान, कारण मंत्र लिहिणाऱ्याकडून तेवढी जागा राहून गेली होती.

एवढ्या एका चुकीत भयकथेचे सगळे शास्त्र आले आहे, असे मी मानतो. मनुष्याने आपल्या भोवती मंत्र पुष्कळ लिहून घेतले आहेत. शिक्षण, विज्ञान, विजेचा दिवा, भरवस्तीतले घर, हे सारे मंत्रच, आणि ते खरोखर रक्षणही करतात. पण कानांवर लिहायचे राहून गेले आहे. पुस्तक वाचताना डोळा आपला मुखत्यार असतो: भीती वाटली तर तो पुढचे पान चाळून शेवट पाहून येतो, परिच्छेद गाळतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे वळतो. कानाला असा अखत्यार नाही. सांगणारा जितका वेळ घेईल तितका वेळ कानाला द्यावा लागतो, आणि सांगणारा थांबला तर त्या पोकळीत उभे राहावे लागते. वेताळाच्या पंचविशीतली अट हीच आहे. पैठणच्याच गादीवरचा त्रिविक्रमसेन राजा प्रेत खांद्यावर घेऊन रात्रीच्या स्मशानातून चालतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, आणि राजाने तोंड उघडले की प्रेत पुन्हा झाडाला लटकते. होइचीलाही गप्प राहायचे होते. भयाच्या कथेत श्रोत्याचे मौन ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. ते कथेचेच एक पात्र आहे.

जपानात भूतकथा ऐकण्याचा रीतसर विधीच होता. निळ्या कागदाच्या दिव्यात शंभर वाती लावायच्या, एकेक गोष्ट संपली की एकेक वात मालवायची. शंभरावी मालवली की खरेच काही तरी प्रकट होते अशी समजूत असल्याने नव्याण्णवांवर उठणारेच फार. तेथल्या सान्यूतेई एन्चो या थोर कथाकाराची ‘बोतान दोरो’ ही कथा १८८४ साली लघुलेखकांनी तो बोलेल तशी टिपून छापली, आणि बोलीतल्या त्या वाक्यरचनेने जपानी गद्याला नवे वळण लागण्यास मदत झाली. तिच्यात मृत प्रेयसी रात्री येते ती लाकडी खडावांच्या ‘कारान कोरोन’ अशा आवाजासह. ते वाचताना मला आरवलीचा वेतोबा आठवला. शिरोड्याजवळच्या त्या देवाला भाविक चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात, आणि रात्री गावावर फेरी घालून घालून देव त्या झिजवतो अशी श्रद्धा आहे. एकाचे पाऊल भयाचे, एकाचे अभयाचे. पण दोन्हीकडे माणसे अंथरुणात पडून पावलेच ऐकत होती.

मग यंत्र आले. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती, तशीच मरणासन्न माणसांचे अखेरचे शब्द जपून ठेवण्याची कल्पनाही होती. १८८९ साली रॉबर्ट ब्राउनिंग या कवीने त्या यंत्रापुढे आपली एक कविता म्हणण्यास आरंभ केला, मध्येच तो ओळी विसरला, आणि त्याच वर्षाअखेर वारला. त्याच्या पहिल्या पुण्यतिथीला स्नेह्यांनी जमून तो अडखळणारा आवाज पुन्हा ऐकला. मृताचा आवाज आज आपल्याला नित्याचा झाला आहे. मुद्रित आवाजात वाचलेली भूतकथा ऐकताना आपण नकळत त्याच मंडळींत जाऊन बसतो, याची जाणीव मात्र अधूनमधून व्हावी.

आजचा श्रोता पडवीत बसलेला नाही. तो लोकलच्या गर्दीत उभा आहे, स्वयंपाक करतो आहे, परदेशातल्या एखाद्या शहरात बर्फातून घरी चालत चालला आहे. आवाज त्याच्या दोन्ही कानांत इअरफोनमधून थेट उतरतो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. जेम्सच्या मित्रांना एकमेकांचे चेहरे दिसत होते, आम्हा भावंडांना एकमेकांचे हात धरता येत होते. हा आधार गेला, आणि त्याचे मला दुःख आहे. परंतु सिग्नलमनची घंटा जशी त्या एकट्यालाच ऐकू येई तसेच काहीसे हे झाले, आणि त्या कथेपुरते तरी आजचे ऐकणे मूळ प्रसंगाच्या अधिक जवळ गेले आहे.

कथांच्या निवडीत कायद्याची मर्यादा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होते. म्हणून जेम्स, जेकब्ज, हर्न येथे आहेत, आणि ज्यांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली ते नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी नाहीत. त्यांच्या वारसांच्या संमतीने तेही कार्य कोणी हाती घ्यावे, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.

भाषांतराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या भुतांना जाती आहेत आणि प्रत्येकीचे नियम आहेत: मुंज झालेला पण लग्नावाचून गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती अलवंतीण, वासना राहिलेला ब्राह्मण तो समंध, पाण्यातला तो गिऱ्हा. जेम्सच्या कथांत जे येते त्याला नाव नाही, आणि नाव नसणे हेच त्याचे भय आहे. म्हणून भाषांतरकारांनी ‘ते’ एवढेच म्हटले. पण ‘ते आले’ असे लिहिले तर घरी पाहुणे आले असाही अर्थ होतो. पूर्वी ‘तें आलें’ या अनुस्वारांनी तो घोटाळा कागदावर टळत असे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले. बोलण्यात ते कधीच गेले नव्हते. वाचकाने ‘ते आलं’ असे म्हटल्याबरोबर मराठी कानाला कळते की आलेले माणूस नव्हे. एका स्वराच्या फरकावर उभे असलेले हे भय प्रमाणलेखनाच्या छापील पानावर आज दाखवता येत नाही.

‘माकडाचा पंजा’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाचणाऱ्या बाई थापेच्या पहिल्या उल्लेखानंतर थांबल्या. ठरल्यापेक्षा पुष्कळच अधिक थांबल्या. यंत्रावर बसलेल्या तरुणाने नंतर ती जागा कापून नेहमीइतकी करू का, असे विचारले. आम्ही दोघांनी ती दिवे मालवून पुन्हा ऐकली, आणि त्याने स्वतःच हात मागे घेतला. ती शांतता जशीच्या तशी ठेवली आहे. तेथे यंत्र बंद पडले असे श्रोत्यांनी समजू नये.